खंडेनवमीला अडकलेला आकडा

लाइट गेली की आमच्या उचगावच्या वर्कशॉपमध्ये सगळे खूश व्हायचे. आधी लेथ थांबायचे, मग पंखे, मग कुणीतरी हातातला पाना टेबलावर आपटायचं आणि सगळे चहाला बाहेर पडायचे. मला मात्र त्या वेळी कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटायचं. कोपऱ्यातल्या ऑफिसात माझा कॉम्प्युटर यूपीएसवर टीं-टीं करत शेवटच्या घटका मोजत असायचा आणि त्याच्या पोटात माझा आकडा अर्धवट पडलेला असायचा.

आकडा म्हणजे काय ते आधी सांगते. खरं तर हे सांगण्यातच माझी ती वर्षं गेली. दोन हजार साल उलटून गेलं होतं, घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले होते आणि बहुतेक वेळ ते नुसते बसून असायचे. परदेशातल्या काही गणितवेड्या लोकांनी एक प्रोग्राम तयार करून सगळ्यांना फुकट वाटला होता. तो आपल्या कॉम्प्युटरवर टाकायचा. तो इंटरनेटवरून एक अवाढव्य आकडा आणतो आणि तो मूळ संख्या आहे का, म्हणजे एक आणि तो स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच त्याला भाग जात नाही ना, हे तपासत बसतो. आकडा एवढा मोठा की लिहायला घेतला तर आमच्या वर्कशॉपच्या चारी भिंती भरून शेजाऱ्याच्या भिंतीवर जावं लागलं असतं. तपासायला दिवसच्या दिवस लागायचे. निकाल लागला की प्रोग्राम तो परत पाठवायचा आणि आकड्यापुढे तपासणाऱ्याचं नाव लागायचं. बक्षीस नाही, बिदागी नाही, सगळा हौसेचा मामला. बहुतेक आकडे तपासून शेवटी मूळ नाहीतच असं निघायचं. एखादा निघाला तर जगभर बातमी व्हायची.

"काय मिळतंय ह्यातनं?" हे घरात सगळ्यांत आधी सासऱ्यांनी विचारलं. त्यांना मी मामा म्हणायचे. टिनाच्या शेडमध्ये एक जुना लेथ टाकून वर्कशॉप त्यांनीच उभं केलं होतं, आणि लेथच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे ते साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटायचं.

"काही मिळत न्हाय मामा," मी म्हटलं.

"मग दिवसाला माल किती पडतोय?"

"माल न्हाय पडत. एक आकडा चार-पाच दिवस चालतो. मग कळतं, तो मूळ हाय का न्हाय."

"आन् आतापतूर मूळ किती निघालं?"

"एकपण न्हाय."

"म्हंजे समदाच माल रिजेक्ट," मामा म्हणाले आणि चहाला निघून गेले. बाहेर जाऊन त्यांनी हे कामगारांनाही सांगितलं असणार, कारण त्यानंतर रोज कुणीतरी दारातून डोकावून विचारायचं, "वैनी, आज पास झाला का पीस?" मी हसण्यावारी न्यायची, पण मनातून चरफडायची.

आमचे हे तसे मवाळ. त्यांची तक्रार एवढीच की बिल काढायला बसलं की कॉम्प्युटर रेड्यासारखा चालतो. कॅबिनेटवर तळहात ठेवून ते बेअरिंग तपासावं तसे तपासायचे आणि म्हणायचे, "तापलंय गं. सीझ होऊन जाम बसेल एखाद्या दिवशी." सीझ होत नाही असं मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात ठेवायचे.

आता हा आकडा मला एवढा जिवाचा का वाटत होता, तेही सांगायला हवं.

मी नेसरीची. वडील शाळामास्तर. सुट्टीत ते अंगणातल्या फरशीवर खडूनं आकडे लिहायचे आणि मला खोडायला लावायचे. दोनच्या पाढ्यातले खोड, तीनच्या पाढ्यातले खोड, पाचच्या, सातच्या. "आता जे उरले ते कुणाच्याच पाढ्यात बसत नाहीत," ते म्हणायचे. मला ते उरलेले आकडे भारी आवडायचे. एकेकटे, ताठ उभे राहिलेले. पुढे कोल्हापूरला राहून गणितात बी.एस्सी. केलं, एम.एस्सी.ला नाव घातलं, आणि तेवढ्यात स्थळ आलं. मुलगा निर्व्यसनी, स्वतःचं वर्कशॉप, घरात माणसं कमी. नव्वदीतली गोष्ट आहे. वडिलांनी मला विचारलं, पण विचारताना ते माझ्याकडे बघत नव्हते, म्हणून मी हो म्हटलं.

लग्नात तांदळाचं ताट समोर आलं. ह्यांनी अंगठीनं तांदळात माझं नवीन नाव लिहिलं. आडनाव बदलणार हे ठाऊक होतं, पण पहिलं नावही बदललं होतं. मामांनी ठरवलं होतं, ह्यांच्या नावाला शोभेलसं. नाव चांगलं होतं, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, फक्त ते माझं नव्हतं. पहिले काही महिने घरात कुणी हाक मारली तर मी वळायचेच नाही, आणि सून कानानं कमी आहे असा भाऊबंदांत बोभाटा झाला. हळूहळू मी वळायला शिकले. जुनं नाव नेसरीत राहिलं आणि पदवीच्या कागदावर राहिलं. नेसरीला जाणंही वडील गेल्यावर कमीच झालं.

प्रोग्राम कॉम्प्युटरवर टाकला तेव्हा त्यानं नाव विचारलं. मी लग्नाआधीचं नाव लिहिलं. फार विचार करून लिहिलं असं नाही. गणिताच्या कागदावर मी दुसरं नाव कधी लिहिलंच नव्हतं. पण पडद्यावर ते नाव उमटल्यावर मी ते दोनदा वाचलं, ते मात्र आजही आठवतं.

मूळ संख्या मला सापडेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. ती एखाद्याच्या नशिबात असते. मला एवढंच हवं होतं की ह्या लोकांची जी मोठी स्पर्धा व्हायची, तिच्या निकालात त्या नावापुढे पुरा केलेला एक आकडा असावा. एकच. म्हणजे ती मुलगी अजून गणित करते हे कुठंतरी लिहिलेलं राहील.

स्पर्धेचा नियम सोपा आणि निर्दय होता. ठरलेल्या आठवड्यात घेतलेला आकडा त्याच आठवड्यात पुरा करून परत पाठवायचा. मुदत संपली की पुरा झालेला मोजायचा, अर्धा झालेला शून्य. देशादेशांच्या टीम होत्या. आमची टीम एकमेकांचं तोंडही न बघितलेल्या लोकांची. कॅप्टनचा सगळ्यांना संदेश आला की ज्यांची मशीन जुनी आहेत त्यांनी लहान आकडे घ्यावेत, म्हणजे टीमला गुण मिळतील. सल्ला बरोबर होता. पण 'ज्यांची मशीन जुनी आहेत' हे वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी मोठ्यातला आकडा घेतला. हिशेब केला होता. रोजचं भारनियमन धरूनही शेवटच्या दिवशी दुपारी तो पुरा होत होता. मुदत त्या दिवशी संध्याकाळी संपत होती.

तो सगळा आठवडा मी दात-ओठ खात काढला. भारनियमनाचं वेळापत्रक जाहीर व्हायचं आणि लाइट भलत्याच वेळी जायची. गेली की प्रोग्राम शेवटची नोंद जिथं केली असेल तिथून पुन्हा सुरू व्हायचा, म्हणजे प्रत्येक वेळी थोडं केलेलं पाण्यात. मध्येच रस्ता उकरताना कुणीतरी टेलिफोनची केबल तोडली. निकाल पाठवायला इंटरनेट लागणार होतं, म्हणून मी फोनवाल्यांच्या दारात खेटे घातले. तिथला माणूस म्हणाला, "येवढं काय अर्जंट हाय वैनी?" मूळ संख्या असं मी त्याला सांगू शकले नाही. घरात आजारी माणूस आहे म्हणाले. लाइन जोडली गेली.

नवरात्रातल्या ललितापंचमीला सगळं घर टेंबलाईच्या जत्रेला गेलं. मी गेले नाही. वर्कशॉप अर्धा दिवस बंद, बिलं नाहीत, चलनं नाहीत, कॉम्प्युटर एकट्या माझा. ह्यांनी जाताना कॅबिनेटची एक बाजू स्वतः उघडून दिली आणि समोर टेबलफॅन लावला. "वारं लागू दे त्याला," म्हणाले. त्या दिवशी आकडा भरभर पुढे सरकला आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे होणार.

इथे एक वर्ष मागे जायला हवं.

आमच्याकडे खंडेनवमी कडक असते. आदल्या दिवशी सगळे लेथ रॉकेलनं धुतात, कानाकोपऱ्यातला लोखंडाचा बुरा काढतात, तेलाचा हात फिरवतात. नवमीला प्रत्येक मशीनला हळद-कुंकू, झेंडूचा हार. पाने, हातोड्या, मापं घ्यायचा व्हर्नियर सगळं पाटावर मांडतात. त्या दिवशी कुठलंही मशीन चालवायचं नाही, हत्याराला हात लावायचा नाही. घरातली विळीसुद्धा पूजेत असते, म्हणून नवमीची भाजी आम्ही अष्टमीलाच चिरून ठेवतो. दसऱ्याला सकाळी मामा नारळ फोडतात आणि मग ज्याचं मशीन त्यानं पहिलं बटण दाबायचं.

आदल्या वर्षीच्या खंडेनवमीला लेथना हार होते, ग्राइंडरला होता, टेम्पोला होता, वजनकाट्यालाही होता. कॉम्प्युटरला नव्हता. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "त्ये कुठं मशीन हाय? टीव्हीतला परकार त्यो."

ज्या कॉम्प्युटरवर मी रोज मान मोडून बिलं काढायची, ड्रॉइंग करायची, त्याला टीव्ही म्हटल्यावर माझा तोल गेला. सगळ्या कामगारांच्या देखत मी म्हटलं, "तुमच्या लेथवर माल बनतो, पण ह्याच्यावर बिल झाल्याशिवाय तो दाराबाहेर पडत न्हाय. हे मशीन न्हाय तर काय हाय? आणि त्याच्यावर काम करणारी कोण हाय मग?"

मामांनी वजनकाट्यावरचा हार काढला, ऑफिसात आले, आपल्या हातानं तो मॉनिटरला घातला आणि कॅबिनेटला कुंकू लावलं. मला आकाश ठेंगणं झालं. त्या घरात मी भांडून मिळवलेली ती पहिली गोष्ट होती.

आता पुन्हा त्या नवरात्रात. स्पर्धेची मुदत इंग्रजी तारखेनं होती आणि सण तिथीनं. दोन्ही एकमेकांवर येऊन पडतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आकडेमोडीत पक्की असल्याचा एवढा तोरा, पण पंचमी डोळ्यांसमोरून गेली तरी कालनिर्णय बघायला विसरले. अष्टमीला संध्याकाळी मी भाजी चिरायला बसले. बाहेरून रॉकेलचा वास येत होता, लेथ धुवायला घेतले होते. हातात वांगं होतं. आणि एकदम मला कळलं की उद्या नवमी आहे, उद्याच शेवटचा दिवस आहे.

मी वांगं तसंच टाकून मामांकडे गेले.

"मामा, उद्या कॉम्प्युटर चालू ठेवू दे. दुपारपर्यंतच."

"उद्या नवमी हाय."

"हो, पण उद्या बंद केला तर माझा सगळा आठवडा फुकट जातोय."

मामा हात पुसत होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "मशीन हाय म्हणून तूच म्हनलीस नव्हं? गेल्या साली, समद्यांच्या देखत?"

"म्हटलं होतं."

"मग मशीनला जे लागू, ते त्येला लागू."

"ते थकत न्हाय मामा. त्याला विश्रांती लागत न्हाय."

"लेथ तरी कुठं थकतोय? पर एक दिस त्येच्याफुडं हात जोडायचं अस्त्यात, काम सांगायचं नसतंय."

मी ह्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, तुम्ही सांगा की काहीतरी. ह्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "वरचा पडदा बंद करू, खालचा डबा चालू ठिवू. वर हार घातला की कुणाला कळतंय?"

मोह झाला. खोटं कशाला सांगू. पण मामा कुंकू लावताना कॅबिनेटवर हात ठेवणार, ते गरम लागणार. आणि समजा नाही कळलं, तरी गळ्यात हार घातलेल्या मशीनकडून आतल्या आत चोरून काम करून घ्यायचं, म्हणजे गेल्या वर्षी मी जे सगळ्यांपुढे बोलले ते सगळं लटकं होतं. ते लटकं नव्हतं. एवढं एकच तर भांडून मिळवलं होतं. चारी बाजूंनी कोंडी झाली होती आणि ती मीच केली होती. ह्यांच्यावर उगाचच ओरडले आणि जाऊन वांगी चिरली.

नवमीला सकाळी मी स्वतः कॉम्प्युटर बंद केला. आकडा नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला होता. मामांनी हार घातला, कुंकू लावलं. मी हात जोडले, पण मनात जे चाललं होतं त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही.

आणि त्या दिवशी लाइट गेलीच नाही. सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळी नाही. आठवडाभर मला रडकुंडीला आणणारी वीज त्या दिवशी वाहत्या नळासारखी चालू. शेजारपाजारचे लोक म्हणत होते, आंबाबाईची कृपा. कृपा कसली? अख्ख्या भागातली वर्कशॉपं बंद, कारखाने बंद, सगळी मशीनं हार घालून बसलेली, मग वीज वापरणार कोण? मी स्वयंपाकघरात डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडे बघत पुरण वाटत होते. पाट्यावर, कारण मिक्सरलाही हार होता. दुपार झाली, म्हणजे माझ्या हिशेबानं आकडा पुरा व्हायची वेळ झाली. संध्याकाळ झाली, मुदत संपली. मुदत संपल्याचा काही आवाज होत नाही. ह्यांनी दोनदा येऊन चहा हवा का विचारलं आणि दोन्ही वेळा मी नको म्हटलं.

दसऱ्याला सकाळी नारळ फुटला. एकेकानं आपापला लेथ सुरू केला. मग मामांनी मला हाक मारली, तांदळातल्या नावानं, एवढ्या मोठ्यानं की रस्त्यावर ऐकू जावी. "ये गं. तुझं मशीन तूच चालू कर."

कामगार बघत होते. दुसऱ्या कुठल्याही वर्षी मला ह्याचं अप्रूप वाटलं असतं. मी बटण दाबलं आणि आत निघून गेले.

दसऱ्यानंतर लाइट पुन्हा जायला लागली. त्या रखडपट्टीतून आकडा एकदाचा पुरा झाला. मूळ नव्हता. प्रोग्रामनं निकाल पाठवला, तिकडून तो घेतला गेला आणि नेहमीच्या यादीत लागला. स्पर्धेच्या निकालात टीमच्या तळाशी माझं ते नाव होतं आणि त्याच्यापुढे शून्य. कॅप्टननं सगळ्यांचे आभार मानले होते. मी ते पान बंद केलं आणि नेहमीच्या यादीचं उघडून बसले. त्यात तेवढी एक ओळ होती, आकड्याची थोडक्यातली खूण, निकाल आणि नाव.

त्याच वेळी हे बिलासाठी आत आले आणि त्यांच्या मागोमाग मामा. बाहेर लेथ चालू होते.

"झालं काय तुझं?" मामांनी विचारलं.

"झालं."

"काय निघालं?"

"रिजेक्ट."

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. चष्मा लावून पडद्याजवळ आले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, म्हणून ह्यांना म्हणाले, "वाच की काय लिवलंय." ह्यांनी वाचलं. आकड्याची खूण वाचली, मूळ नाही असं सांगितलं, आणि मग लेथच्या आवाजात मामांना ऐकू जावं म्हणून ते नाव मोठ्यानं वाचलं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, पुरं. लग्न झाल्यापासून त्या घरात ते नाव कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. माझी मान आपोआप वळली.

"ही कुठली पावणी?" मामांनी विचारलं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेष्टा नव्हती. लग्नपत्रिकेवर त्यांनीच छापून घेतलेलं नाव ते खरोखरच विसरले होते. ह्यांना आठवलं होतं, कारण ते एकदम खाली बघायला लागले.

"माझ्यासंगंच असती ती," मी म्हटलं. "कायम."

"व्हय?" मामा चष्मा काढत म्हणाले. "मग घरला का आणली न्हाईस कवा?"

बाहेरून कुणीतरी त्यांना हाक मारली आणि ते गेले. हे काहीतरी बोलणार होते, पण मी त्यांना बिल काढून दिलं आणि तेही गेले. मग मी दुसरा आकडा मागवला. प्रोग्रामनं नाव विचारलं नाही. त्याला माहीत होतं.